विहिरीतलं हसू

टीव्हीवर विहिरीतली हडळ हसली. आधी फिस्सकन, मग वर वर चढत. आठ वर्षांच्या गार्गीनं कानांवर उशी दाबली. मुकुंदरावांनी मात्र आवाज वाढवला.

"आजोबा, बंद करा ना!"

"अगं, घाबरतेस काय? ती तुझी आजी आहे."

उशी खाली आली. आजी गेली तेव्हा गार्गी जेमतेम रांगत होती.

मग मुकुंदरावांनी सांगितलं. या सिनेमाचं ध्वनिमुद्रण त्यांचंच. नटीला काही केल्या भुतासारखं हसता येईना, म्हणून त्यांनी शालनला, आपल्या बायकोला, स्टुडिओत नेलं. माईकसमोर तिचंही तोंड उघडेना. तिला सूर सापडावा म्हणून मशीन चालू ठेवून ते मूळ कादंबरी वाचायला लागले. विहिरीचं पान आलं आणि त्यांचीच बोबडी वळली. नवऱ्याची ती गत बघून शालन जी हसली, ते हसणं पुढे थिएटरं भरभरून लोकांनी कान झाकून ऐकलं.

"म्हणजे आजी तुम्हाला हसली?"

"मलाच. लोकांना उगाच घाम फुटला."

"ते पान वाचा ना!"

त्यांनी टीव्ही बंद करून कपाटातली कादंबरी काढली. दोन ओळी होतात न होतात तोच त्यांचा आवाज कापायला लागला, पाय आपोआप सोफ्यावर गेले. ते बघून गार्गी हसली. आधी फिस्सकन, मग वर वर चढत.

मुकुंदराव थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढची ओळ मुद्दाम आणखी घाबरत वाचली.