साखरचोर

“खोटं बोलू नको. मोबाइलवर आलंय माझ्या, एकशे ब्याण्णव!” प्रणित डोलवीच्या कंपनीतून फोनवर ओरडत होता. “काय खाल्लंस?”

“जेवले. दुसरं काय नाय,” नम्रता म्हणाली. तिला सातवा महिना होता. दंडावर रुपयाएवढं गोल बटण चिकटवलेलं. ते अंगातली साखर मोजायचं आणि आकडा थेट नवऱ्याच्या मोबाइलवर पोचवायचं. वा रे शहाणा नवरा! शिफ्टमध्ये बसून बायकोच्या ताटावर पहारा देत होता.

सासू बायजाबाई त्याच्या वरताण. तिने साखरेचा डबा, गूळ, सगळं कुलपात घातलं होतं. वर शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं रोज चालायचंच, “सून नाय, साखरचोर आणलीय घरात!” शेवटी तिने हुकूमच सोडला. आकडा उतरला नाही तर बाळंतपणाला रोह्याला जायचं नाही, माहेरी काय, लाडूच चरत बसशील. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत. आईने तिकडे दुपटी शिवून ठेवलेली. नम्रताला रडू कोसळलं, पण ते बघायला कुणाला वेळ होता?

पुढच्या तपासणीला तिघंही पेणला गेली. डॉक्टरीणबाईंनी प्रणितच्या मोबाइलवरचा आलेख पाहिला. रोज दुपारी आणि रात्री, जेवणानंतर तासाभरात आकडा उडी मारत होता.

“चोरून खाणारं माणूस इतकं वेळापत्रक पाळत नाही,” त्या म्हणाल्या. “जेवायला काय देता?”

बायजाबाईची छाती फुगली. “तुमी भात बंद सांगितलात, मी शीतसुद्धा पडू देत नाय ताटात. निस्ती भाकरी. एका वक्ताला तीन. ही एकच मागते, पण मी सोडते काय? दोन जिवांची हाय ती!”

“भाकरी कसली?”

“कसली म्हंजे? तांदळाची. भाकरी आणिक कसली असते?”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो आजी, भातच घालताय तिला. थापून!”

घरात एवढे शहाणे, रोज जात्यासारखं तोंड चालवणारे, पण तांदळाची भाकरी म्हणजे भातच, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. खरं तर नम्रताच्याही नाही. पण तिने निदान एकच मागितली होती.

“पिठाचा भात होतो व्हय?” बायजाबाई पुटपुटली. आवाज पार बसला होता. प्रणित मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. बायकोकडे बघायची हिंमत कुठली!

नम्रताने तो मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला. आपले आकडे त्यावर येणं बंद केलं आणि परत दिला.

“मी रोह्याला जाते,” ती म्हणाली. “आकडे मी बघन आणि डॉक्टरीणबाई बघतील. तुमाला मी सांगन तेच खरं मानायला लागंल.”