अकरा वेळा तुटलेलं कनेक्शन

जुना कॅमेरा काढून नवा लावायला आलेल्या मेकॅनिकने आजीकडे स्टूल मागितलं.

“जुन्या कॅमेऱ्याला काय धाड भरलीय?” ती म्हणाली. स्टूल काही तिने आणलं नाही.

“आजी, महिन्यात अकरा वेळा कनेक्शन तुटलंय. तुमच्या मुलाची तक्रार आहे.”

“वाय-फाय आहे ते. लहरी असतं.”

मेकॅनिक हसला. वाय-फायच्या लहरी जाणणारी आजी त्याला पहिल्यांदाच भेटली होती. आजी त्या लहरी पुरत्या ओळखून होती, कारण त्या तिच्याच होत्या.

ती बाथरूममध्ये घसरून पडली, त्यानंतर मुलाने हॉलमध्ये हा कॅमेरा लावला होता. परत जाताना त्याने समजावलं होतं, “दिवा हिरवा असला की तू मला दिसतेस. लाल झाला की माझा मोबाइल वाजतो, मग मी लगेच तुला फोन करतो.” तो बिचारा धीर द्यायला बोलला. आजीने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ध्यानात ठेवलं.

दिवा हिरवा असला की फोन यायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, “रोज दिसतेस की, आई.” तिने आपणहून केला तर “मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो” एवढ्यावर आटोपायचं, आणि ते नंतर काही उगवायचं नाही. एकदा मात्र वाय-फायचा डबा आपसूक बंद पडला आणि दहा मिनिटांत फोन खणखणला. वायर बघ, बटण दाब असं करता करता गुडघ्याचं निघालं, नातीच्या पडलेल्या दाताचं निघालं, वरच्या मजल्यावरच्या भांडणाचंही निघालं. चांगली पंचवीस मिनिटं! दिवसभर आजी घरात गुणगुणत होती.

तेव्हापासून दोन-तीन दिवसांआड ती टीव्हीच्या मागे हात घालायची आणि डब्याची वायर दोन बोटं बाहेर ओढायची. अति करायची नाही. मुलाची जेवणाची सुट्टी बघून ओढायची. “डब्यावर कुठला दिवा लागलाय?” असं त्याने विचारलं की चष्मा शोधायला वेळ लावायची. चष्मा नाकावरच असायचा.

मेकॅनिक टीव्हीमागे वाकला. “ही वायर कुणीतरी ओढतंय. घरात मांजर आहे का?”

“आहे,” आजी म्हणाली.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. सोफ्यावर मांजराचा एक केस नव्हता. “असू दे,” तो म्हणाला. “नव्या कॅमेऱ्याचं वाय-फायशी देणंघेणंच नाही. आत स्वतःचं सिमकार्ड, वीज गेली तर स्वतःची बॅटरी. आणि वायर सरळ छताजवळच्या पॉइंटला. मांजर काही तिथवर चढायचं नाही.”

आजीने छताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “असा नाही का रे मिळत एखादा, जो अधूनमधून बंद पडेल?”

तो हसायला लागला आणि तिच्याकडे बघून थांबला. “आजी, ही तक्रार मिटल्याशिवाय मला पुढचं काम देत नाहीत,” तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच स्टूल घेऊन आला.

अर्ध्या तासात कॅमेरा बसला. मेकॅनिकने आपल्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“आईला जरा चालून दाखवायला सांगा.”

आजी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. कमरेवरचा हात काढून, ताठ चालली.

“एक नंबर!” मुलगा म्हणाला. “आई, सुटलीस बघ. आता डबा बघ नको, वायर बघ नको. तुझ्यामागची कटकटच गेली.”

“कटकट कसली रे? बरं ऐक, परवा मला जिन्यात कोण भेटलं—”

“आई, मीटिंगला बोलावतायत. दिसतेस ना मला? मग झालं तर.”

फोन बंद झाला. दोन दिवस जपून ठेवलेली ती जिन्यातली गंमत आजीच्या तोंडातच राहिली. तिला एकदम फार एकटं वाटलं.

मेकॅनिक पिशवी आवरत होता. “म्हणजे आता त्याचा मोबाइल वाजायचा नाही?” तिने विचारलं.

“कनेक्शन तुटलं तर वाजेल, आजी. पण ते तुटणारच नाही.”

तो गेल्यावर तिने दार लावलं आणि कॅमेऱ्याच्या बरोबर समोर येऊन उभी राहिली. वर पाहिलं. मग टीपॉयला धरून आधी खाली बसली आणि कुशीवर कलून फरशीवर आडवी झाली. बघणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून एक पाय वाकडा ठेवला. फोन हाताशी होता.

फरशी गार होती. मुलाची जेवणाची सुट्टी सुरू झाली, संपली. खिडकीतलं ऊन सोफ्यावरून भिंतीवर गेलं. पायाला मुंग्या आल्या, तरी तिने पाय सरळ केला नाही. फोन वाजला नाही.

अंधारायला लागलं तेव्हा कोपरावर जोर देऊन ती कशीबशी उठली. कपडे झटकले, केस सारखे केले आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला.

“काही झालेलं नाही रे मला,” ती म्हणाली. “तू कर तुझं काम.”