जिऱ्याचं पाणी

आठव्या महिन्यात तिच्या छातीत अशी आग पेटली होती, की घोटभर पाणी प्यायलं तरी घशाशी यायचं. घरात ज्याच्या त्याच्याकडे आपापला रामबाण उपाय होता: सासूबाईंचं जिऱ्याचं पाणी, नणंदेची बडीशेप, नवऱ्याचं थंडगार दूध. "देवा, एकदा थांबव रे ही जळजळ," म्हणत ती सगळं निमूट गिळायची.

आज सकाळी उठली तर छाती गार. जळजळ नावालाही नाही.

"म्हटलं नव्हतं? जिरं ते जिरं!" सासूबाई खूश.

"वा गं आई! बडीशेप चघळून तिचे दात झिजले, आणि नाव तुझ्या जिऱ्याचं?" नणंद उसळली. नवरा लांबूनच दुधाचा पेला उंचावून दाखवत होता.

ती मात्र पोटावर हात दाबून बसली होती. जळजळीबरोबर आतली हालचालही थांबली होती. तिने कूस बदलून पाहिली, साखरपाणी घेतलं, हलकेच हाका मारल्या. पोट ढिम्म.

"गाडी काढा. दवाखान्यात चला," तिचा आवाज फाटला. सगळ्यांचं हसू जागच्या जागी विरलं. चपलेत पाय सरकवताना ती पुटपुटत होती, "जळू दे रे देवा, हवं तेवढं जळू दे."

दारातच घशाशी सणकून आंबट आलं, आणि पाठोपाठ बरगडीत एक सणसणीत लाथ बसली.



ती सासूबाईंच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "आई, तुमच्या जिऱ्याचा काडीचाही गुण आला नाही हो!"