बिनपंखी
लेक पतंगांचा अभ्यास करायची. नवी जात सापडल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. पंखच नाहीत, अंगभर राखाडी केस, पोट टम्म फुगलेलं. असला पतंग कुठल्याच पुस्तकात नव्हता.

"आई, याला तुझं नाव देणार. उद्या लेख पाठवते."

"असल्या ध्यानाला माझं नाव?" चौथीत शाळा सुटलेल्या आईने नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली आणि आईला स्वस्थ बसवेना. शेवटी आपल्या नावाचा जीव बघायला तिने जाळीच्या डबीचं झाकण उघडलं. तोच खिडकीतून एक तपकिरी पतंग आत शिरला. असले पिसांसारख्या मिशांचे लेकीच्या कपाटात ढिगाने होते, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. तो सरळ जाऊन बिनपंखीला चिकटला.

आईने चार बाळंतपणं काढली होती. काय चाललंय ते बघायला तिला पुस्तक लागलं नाही.

तिने वर्तमानपत्राची गुंडाळी उचलली. त्या तपकिरीला एक फटका, की कुणाला कळणार नाही आणि नाव कायमचं छापलेलं. हात वरच राहिला. जिन्यात चपला वाजल्या.

"आई! झाकण का उघडलंस?"

"ओरडू नकोस, बघ. तुझी नवी जात या जुन्याची बायको निघाली."

लेक डबीवर वाकली. "मग तुझं नाव?"

"खोडून टाक बिनधास्त. ते तरी माझं कुठे होतं? लग्नात सासूने ठेवलेलं."