ओला बोळा

वर्गाच्या दारात चांगुणाची आई उभी राहिली आणि सुमनबाईंचा हात आधी स्वतःच्या केसांकडे गेला. केस अजून ओले होते. त्यांनी घाईघाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. पण ओले केस काय बायामाणसांच्या नजरेतून सुटतात होय!

त्र्याहत्तर सालचा मार्च होता. शेवगावच्या पलीकडच्या त्या गावात टँकर तीन दिवसांनी यायचा, तोही आला तर. शाळेचा माठ संक्रांतीपासून पालथा पडला होता. बाईंच्या घरी मात्र सरपंचांच्या विहिरीतले दोन हंडे रोज यायचे. मास्तरीणबाई परगावच्या, त्यांना कमी पडायला नको, असं सरपंचांचं म्हणणं. बाईंनी एकदा नको नको करून पाहिलं, मग तेही सोडून दिलं. आज तर त्या चक्क डोक्यावरून न्हाल्या होत्या.

चांगुणाची आई, मनकर्णा, दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली होती. हातात हातोडी, काखेत घमेलं. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बाई, राग नका मानू. पर आमच्या चांगुणाला ती लाल रिबीन देऊ नगा."

पहिलीच्या सगळ्या वर्गानं वळून चांगुणाकडे पाहिलं. चांगुणानं मान खाली घातली.

त्या रिबिनीची गोष्ट अशी. पाटी थुंकीनं पुसायची नाही, असा सुमनबाईंचा नियम होता. थुंकीनं पुसली की विद्या रुसते, आणि घाण ती वेगळीच. घरून ओला बोळा आणायचा, त्यानंच पुसायची. ज्याची पाटी सगळ्यात स्वच्छ, त्याच्या खांद्यावर लाल रिबीन. आणि रिबीनवाल्यानं सुट्टीचा टोल वाजवायचा. व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण्‌घण्‌ लोखंड आपटायला कुणाला आवडणार नाही? पहिले चार दिवस नुसती चढाओढ लागली. मग एकेकाचा बोळा कोरडा येऊ लागला. चांगुणा तेवढी रोज खोकल्याच्या औषधाची बाटली भरून आणायची. तोंडाला चिंधीचा बोळा. अकरा दिवस टोल तिनंच वाजवला.

सोमवारी बन्सी पाटीवर थुंकला. बाईंनी त्याचा कान पिरगळला.

"घरात पानी न्हाई, बाई," बन्सी रडत म्हणाला.

"चांगुणाला मिळतं ना? मग तुलाच कसं मिळत नाही?" असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणताना मनात कुठेतरी टोचलंही होतं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही, एवढंच.

"रिबीन का नको हो?" आता त्यांनी मनकर्णाला विचारलं. आवाज चोरट्यासारखा निघाला.

"मानशी दोन तांबे पानी येतं बगा वाट्याला. तिच्या वाटचं ती पीतच न्हाई. घोटभर पिती अन् बाकीचं बाटलीत भरून लपवती. काल चुलीम्होरं चक्कर यून पडली, तवा मला कळलं. म्हनलं, आगं पी ना बये! तर म्हनती, बाई काय म्हंत्याल? तुमचा शबुद म्हंजी तिला देवाचा. माझं आयकत न्हाई ती. रिबीन दुसऱ्या कुनाला दिली, म्हंजी पील ती पानी."

मनकर्णा भांडायला आली असती तर बरं झालं असतं. चार शब्द ऐकून घेता आले असते, वर चार बोलताही आले असते. पण ती हात जोडून निघाली. जाता जाता तिची नजर बाईंच्या पदराबाहेर आलेल्या ओल्या बटेवर गेली. घमेलं सावरत तिनं पाय उचलला. कामावर उशीर होत होता तिला.

सुमनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गाकडे मान वर करून बघवेना. काहीतरी करायला हवं होतं, आणि आत्ताच्या आत्ता करायला हवं होतं.

"मुलांनो, पाट्या काढा," त्या म्हणाल्या. "आजपासून पाटी थुंकीनं पुसायची."

कुणी हललं नाही. बन्सीनं सावधपणानं आपल्या कानावर हात ठेवला.

"बाई, विद्या रुसंल की!"

"नाही रुसत रे. माझंच चुकलं होतं."

आणि बाईंनी स्वतः बोट जिभेला लावून फळ्यावरचा 'ग' पुसून दाखवला. मग काय विचारता! चाळीस पोरांनी एकच थू थू मांडली. फ्रॉकांनी, सदऱ्यांनी, कोपरांनी पाट्या घासल्या जाऊ लागल्या. बन्सी तर मागची सगळी उसनवारी फेडल्यासारखा दोन दोनदा थुंकत होता. वर्गात हसू मावेना. किती दिवसांनी असा हसला होता वर्ग! बाईंनाही हसू आलं. छातीवरचं ओझं जरा हललं. चूक झाली होती, पण वेळेवर सुधारली, असं त्यांना वाटलं.

मग त्यांचं लक्ष चांगुणाकडे गेलं. तिच्या पाटीवर कालची अक्षरं तशीच होती. बाटली तिनं पोटाशी धरली होती. काठोकाठ भरलेली. ओठांची सालं निघाली होती. अकरा दिवस खांद्यावरच्या रिबिनीकडे बघताना बाईंना ते ओठ दिसलेच नव्हते.

"पूस ना गं तू पण. मी नाही रागावणार. अगदी खरं."

चांगुणानं शहाण्या मुलीसारखी पाटी तोंडाजवळ नेली. गाल आत ओढले. जीभ फिरवली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग पाटी मांडीवर ठेवून तिनं भीत भीत बाटलीचा बोळा काढला.

"थुकीच येत न्हाई, बाई. आजच्या दिस पान्यानं पुसू?"