कोणी आलं होतं का?

आमदार झाले तरी मास्तरांची शिकवायची खोड काही सुटली नाही; माणूस दिसला की शाळा भरवत, सभागृहात तर म्हणे मंत्र्याकडूनही पाढे म्हणवून घेतले. आजारपणात डॉक्टरांनी त्यांचं बोलणं बंद केलं, तेव्हा सेक्रेटरीने फाटकातच खुर्ची टाकली आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच वाटेला लावलं. मास्तर रोज विचारायचे, “कोणी आलं होतं का रे?” खरं सांगितलं तर शिकवायला उठतील, म्हणून तो म्हणायचा, “कुण्णी नाही, साहेब.” “बरोबरच आहे. लोक उगवत्यालाच नमस्कार करतात,” म्हणत ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. तसेच गेले. अंत्ययात्रेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. एक म्हातारी विद्यार्थिनी सेक्रेटरीला म्हणाली, “दादा, रोज परत पाठवलंत. निदान सांगा, आमची आठवण काढायचे का हो?” “रोज,” तो म्हणाला, आणि हे खरं असल्यामुळेच त्याला तिच्याकडे बघवेना.