जोडणी

हिशेबनीस ताईंचा भाऊ ऑफिसात पहारेकरी होता. "जिन्यावरून पडून मेला. कॅमेरा बंद होता," असं मालकांनी सांगितलं, पण ताईंच्या गळी ते कधी उतरलं नाही. कॅमेऱ्याचं चित्रण ठेवणाऱ्या स्टोरेजचा पासवर्ड मात्र मालकांपाशीच असे.

"दहा पासवर्ड कोण लक्षात ठेवतो? ते स्टोरेज ऑफिसच्या युजर-यादीला जोडून टाक," मालकांनी कॉम्प्युटरवाल्याला फर्मावलं.

"मालक, मग प्रत्येकजण आपापल्या पासवर्डनं आत शिरेल. कोणी काय बघायचं ते आधी ठरवू या."

मालकांनी त्याचं तोंड कपाटावर आपटलं. "मला अक्कल शिकवतोस? जोड मुकाट्यानं!"

नाकाचं रक्त पुसत त्यानं जोडलं.



मालक केबिनबाहेर आले, तेव्हा प्रत्येक स्क्रीनवर ते ताईंच्या भावाला गजानं झोडपत होते, आणि ताई ऑफिसच्या दाराला आतून कडी घालत होत्या.